अण्णांचे पंचनामे

लेकरू जेवेना, झोपेना किंवा रडणे थांबवीना, की आपल्याकडच्या आया त्याला दोघांची भीती घालतात. एक बागुलबुवा आणि दुसरा पोलीस. पैकी बागुलबुवा आजवर कोणी पाहिलेला नाही. दुसऱ्याच्या घरी मात्र मी लहानाचा मोठा झालो. त्याने मला कडेवर खेळवले, अंकलिपी गिरवून घेतली, गोवर आला तेव्हा रात्रभर उशाशी बसून वारा घातला. अर्थात हे सारे तो घरी असे तेव्हा. आणि पोलीस घरी असतो किती, हे ज्याच्या घरी पोलीस आहे त्यालाच ठाऊक!

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, बीड जिल्ह्याच्या पोलीस दलात १९७२ साली शिपाई म्हणून लागले आणि २००८ साली सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. छत्तीस वर्षे. या काळात त्यांचे नाव एकदाही मोठ्या वर्तमानपत्रात छापून आले नाही, की त्यांनी कुणा नामांकित दरोडेखोराला पकडले नाही. चित्रपटात दाखवतात तसे पिस्तूल तर त्यांनी परेडच्या मैदानाबाहेर कधी उडवलेच नाही. मग अशा माणसावर दिवाळी अंकाची पाने का खर्चावी, असे वाचक विचारतील. त्याचे उत्तर असे की, जगातले बरेचसे पोलीसकाम अण्णांसारखेच लोक करतात, आणि ते पिस्तुलाने होत नाही, लेखणीने होते.

दुष्काळातली भरती

आमचे गाव तलवाडा, तालुका गेवराई. त्वरितादेवीचे गाव म्हणून पंचक्रोशी त्याला ओळखते. नवरात्रात देवीला दूरदूरची माणसे येतात. उत्तरेला गोदावरी वाहते. तिच्याच काठी आमच्या तालुक्यातले राक्षसभुवन आहे, जेथे १७६३ साली माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. पण लढाई जिंकली म्हणून मुलूख सुटला असे झाले नाही. पुढे १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्याच राज्यात राहिलो.

त्या वर्षीच्या सप्टेंबरात, १३ ते १७ या पाच दिवसांत, हैदराबाद संस्थान मोडले. ते काम केले भारतीय लष्कराने, पण मराठवाड्यातली म्हातारी माणसे त्याला आजही 'पोलीस ॲक्शन'च म्हणतात. इतर मुलखांत स्वातंत्र्य सत्याग्रहाने आले असेल. आमच्याकडे ते पोलिसांचे नाव घेऊन आले! माझे आजोबा गमतीने म्हणत, "आपल्याकडं पोलीस एकदाच चांगल्या कामाला आला, अन् तो बी लष्करातला होता." त्याच आजोबांचा मुलगा पुढे पोलिसात गेला.

गेला तो हौसेने नव्हे. १९७२ च्या दुष्काळाने त्याला तिकडे लोटले. अण्णा तेव्हा बावीस वर्षांचे होते आणि मॅट्रिक झालेले होते. घरची जमीन कोरडवाहू, बैल विकलेले, आणि अंगाला काम म्हणजे दुष्काळी कामावरची खडी फोडणे. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आणि पोरांना मिळणारी सुकडी यांवर त्या वर्षी कित्येक घरे जगली. अशात भरतीची बातमी आली. अण्णा गेवराईहून मिळेल त्या वाहनाने आणि पुष्कळसे पायी बीडला गेले, धावले, छाती मोजून घेतली आणि शिपाई झाले. पहिल्या पगाराचे त्यांनी काय केले, असे मी एकदा विचारले होते. म्हणाले, "दोन पोती ज्वारी घेतली. देशी."

बिऱ्हाड पाठीवर

त्यानंतर धारूर, पाटोदा, आष्टी, केज असे बिऱ्हाड हिंडत राहिले. माझ्या चौथीपर्यंत माझ्या तीन शाळा झाल्या. आईने प्रत्येक क्वार्टरच्या दाराशी तुळस लावली आणि प्रत्येक वेळी ती शेजारणीच्या हवाली करून निघाली.

शहरातल्या वाचकांना पोलीस दिसतो तो चौकात, शिटी वाजवणारा. खेड्यातल्या बीट अंमलदाराचे काम निराळे. त्याच्याकडे वीस-पंचवीस गावे असत. त्या गावांतले बांधाचे तंटे, जत्रेचे बंदोबस्त, हरवलेली जनावरे, कोर्टाची समन्से, विहिरीत सापडलेली प्रेते, सारे त्याच्या सायकलीच्या दांडीला लटकलेले. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दसरा-दिवाळी झाली की गावेच्या गावे कारखान्यांकडे निघतात, घरांना कुलपे लागतात आणि मागे उरतात म्हातारी-कोतारी. त्या चार-पाच महिन्यांत अण्णा गस्तीला जात ते हातात बॅटरी घेऊन, आणि प्रत्येक ओसरीवर थांबून "आजी, जेवलात का?" असे विचारत. चोर आला होता का, हे ते त्यानंतर विचारत. मी एकदा म्हटले, "अण्णा, हा प्रश्न कुठल्या नियमात बसतो?" ते म्हणाले, "म्हातारी जेवली नसंल, तर चोर आल्यावर वरडंल कशी?"

सणावारी ते घरी नसतच. गणपती, मोहरम, नवरात्र, निवडणूक, मंत्र्यांचा दौरा, सगळीकडे बंदोबस्त. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. अण्णा तेव्हा एका वस्तीच्या तोंडाशी कित्येक रात्री खाट टाकून बसले होते. पलीकडच्या गावात त्यांचे नात्यातले लोक होते, आणि तेच लोक "तू कुणाकडून रे?" असे त्यांना विचारीत होते. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला तेव्हाही अण्णा बंदोबस्तावरच होते. त्याच विद्यापीठाची एम.ए.ची पदवी मी पुढे घेतली. पदवीचा कागद पाहून अण्णांनी विद्यापीठाच्या नावावरून एकदा बोट फिरवले. बोलले काही नाही.

१९९३ च्या सप्टेंबरात अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून, रात्रीच्या जागरणाने लाल झालेले डोळे घेऊन ते घरी आले आणि बूट न काढताच बाजेवर पडले. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीची धरणी हलली. दुसऱ्याच दिवशी त्यांना तिकडे जाण्याचा हुकूम झाला. लातूर-उस्मानाबादच्या त्या गावांत हजारो माणसे दगडमातीच्या जाड भिंतींखाली गेली होती, आणि वर पाऊस लागला होता. अण्णांच्या वाट्याला आले होते ढिगाऱ्यातून निघालेल्या चीजवस्तूंची नोंद करण्याचे काम. जोडवी, मणी, पितळी डबा, भिजलेल्या नोटांची पुरचुंडी. कोणत्या घराच्या जागी, कोणत्या कोपऱ्यात, कोणासमक्ष काय मिळाले, हे ते पावसात छत्रीखाली बसून लिहीत. परत आल्यावर कित्येक दिवस ते आमच्या घराच्या भिंतींकडे पाहत राहत.

इसम, फिर्याद आणि गस्त

मी मराठीचा अध्यापक. शब्दांची कुळे शोधणे हा माझा धंदा. पोलिसांची भाषा ऐकून सुशिक्षित माणसे हसतात, हे मला ठाऊक आहे. 'सदर इसम नमूद ठिकाणी मिळून आला' या वाक्यावर कोणता विनोदी लेखक हसला नसेल? पण त्या शब्दांकडे जरा ममतेने पाहावे. 'इसम' हा अरबी शब्द. त्याचा मूळ अर्थ नाव. 'बंदोबस्त' फारसी, म्हणजे बांधणे. 'गस्त' म्हणजे हिंडणे, फेरी. आणि 'फिर्याद' म्हणजे मुळात दाद मागणाऱ्याची हाक, आर्त आरोळी. ठाण्यात येणारा माणूस फिर्याद 'देतो' असे आपण म्हणतो, तेव्हा तो हाकच देत असतो. ती हाक कागदावर उतरवून घेणारा जो कोणी टेबलामागे बसलेला असतो, त्याने कान झाकले तर पुढची सारी न्यायालये बहिरीच राहतात.

अण्णांना हे व्युत्पत्तिशास्त्र माहीत नव्हते. पण कागदाची किंमत त्यांना पुरती कळली होती. कोठे काय दिसले, किती अंतरावर दिसले, कोणत्या दिशेला दिसले, एवढेच ते लिहीत. पंचनाम्यात 'भयंकर', 'हृदयद्रावक', 'निर्दय' हे शब्द त्यांनी कधी येऊ दिले नाहीत. "आपल्याला काय वाटलं ते कुणी विचारलेलं नसतं," ते म्हणत. "काय दिसलं ते विचारलेलं असतं."

एका ओळीची किंमत

ही गोष्ट १९९५ सालची. कोणत्या ठाण्याच्या हद्दीतली, ते सांगत नाही. माणसे अजून हयात आहेत.

एका मळ्यातल्या विहिरीत एक तरुण सून मेलेली सापडली. लग्नाला तीन वर्षे झाली होती. लग्नापासून सात वर्षांच्या आत विवाहितेचा असा मृत्यू झाला, तर शवविच्छेदन झालेच पाहिजे, ही तरतूद १९८३ साली कायद्यात आली. त्याच वर्षी सासरच्या छळाचे ४९८ अ हे कलमही आले, आणि १९८६ साली हुंडाबळीचे ३०४ ब. तेव्हा हा मामला केवळ 'अकस्मात मृत्यू' म्हणून मिटणारा नव्हता. घटनास्थळाचा पंचनामा वरिष्ठांनी अण्णांकडे सोपवला. अण्णा तेव्हा हवालदार होते.

सासरकडचे लोक सांगत होते, पाणी शेंदताना पाय घसरला. अण्णांनी विहीर पाहिली, मग घर पाहिले आणि लिहिले. काठावरचे शेवाळ कोठेही खरडलेले नाही. विहिरीवर दोर अगर पोहरा नाही. घागर घरात पालथी ठेवलेली, आतून कोरडी. दोर खुंटीला. मयताच्या चपलांचा जोड उंबऱ्याच्या आत. घर ते विहीर वाट खडकाळ, काटेसराट्याची.

ते घर माझ्या मामांच्या सासुरवाडीचे सोयरे निघाले. त्या रात्री मामा आमच्याकडे आले. तलवाड्याला आम्ही दोन खोल्या बांधल्या होत्या त्याला मामांनी पैसे उसने दिले होते. ते चांगले गृहस्थ होते, आणि आहेत. ते म्हणाले, "दाजी, खोटं लिहा म्हणत नाही. फक्त ती घागर राहू द्या. एक ओळ. कुणाला कळणार आहे?"

अण्णा म्हणाले, "पाहुणे, घागर मी ठेवलेली नाही तिथं. मी ती उचलू कशी?"

मामा न जेवता गेले. महिन्याभरात त्यांनी पैसे परत मागितले. ते मागण्याचा त्यांना अधिकार होता. अण्णांनी तलवाड्याच्या शिवारातले दोन एकर रान विकले आणि पैसे फेडले. त्या रानात बोरी होत्या, आणि संक्रांतीची बोरे आम्हाला कधी विकत घ्यावी लागली नव्हती. त्या वर्षी भाऊबीजेला मामा आले नाहीत. आईने ताट तयार ठेवले होते. निरांजनातले तेल संपेपर्यंत ते तसेच राहिले. दुसऱ्या वर्षीही तेच झाले. तिसऱ्या वर्षी आई स्वतःच एस.टी.त बसून माहेरी गेली आणि भावाला ओवाळून आली. आल्यावर म्हणाली, "भाऊबीज भावाची असते, पंचनाम्याची नसते." नवऱ्याचा पंचनामा चुकला, असे मात्र तिच्या तोंडून मी कधी ऐकले नाही.

खटल्याचे काय झाले? पंच फितूर झाले. आपण कोऱ्या कागदावर सह्या केल्या, असे दोघांनीही साक्षीत सांगितले. १९९९ साली पुराव्याअभावी सारे आरोपी सुटले.

त्यानंतर काही दिवसांनी एक म्हातारा आमच्या दारी आला. मी तेव्हा बी.ए.च्या वर्गात होतो आणि सुटीला घरी आलो होतो. तो मुलीचा बाप होता. प्लास्टिकच्या पिशवीतून त्याने कोर्टातून काढलेली पंचनाम्याची नक्कल काढली. तो म्हणाला, "हवालदारसाहेब, मला वाचता येत नाही. तुम्ही लिवलेलं एकदा वाचून दाखवा."

अण्णांनी चष्मा लावला आणि वाचले. शेवाळ, दोर, घागर, चपला. आवाज ठाण्यात वाचतात तसा, एकसुरी. म्हातारा मान हलवत ऐकत होता. संपल्यावर त्याने कागदाची घडी नीट केली आणि म्हणाला, "म्हणजे ती पाण्याला गेली नव्हती. हे कुठंतरी लिवलेलं हाय." त्याने पाणीसुद्धा घेतले नाही. गेला.

कोर्टाने जे मानले नाही, ते कागदावरून पुसलेही गेले नव्हते. एका बापापाशी त्याच्या लेकीविषयी एवढाच लेखी कागद उरला होता, आणि त्यातली एक ओळ कमी असती तर तोही उरला नसता. गद्य कशाला म्हणतात, हे मला त्या दुपारी जितके समजले तितके नंतर कोणत्याही ग्रंथाने समजावले नाही.

दुसरी बाजू

हे सारे वाचून पोलीस म्हणजे देवमाणसे, असे कोणी म्हणू लागले तर अण्णाच पहिल्यांदा हसतील. ते ज्या वर्षी शिपाई झाले, त्याच १९७२ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. आरोपी पोलीसच होते, आणि सर्वोच्च न्यायालयातून ते सुटले. त्या निकालाविरुद्ध चार कायदेपंडितांनी १९७९ साली खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतल्या मृत्यूंमुळे १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाला अटकेचे नियम घालून द्यावे लागले. अटक झालेल्याच्या घरी कळवावे, हेसुद्धा सांगावे लागले. अण्णा म्हणत, "नियम झाला म्हणजे कुणीतरी आधी पाप केलं असं समजावं." आपल्या खात्याविषयी इतके कडू वाक्य मी दुसऱ्या कोणाकडून ऐकलेले नाही.

पण दुसरी बाजू सांगताना तिसरीही सांगितली पाहिजे. बारा-चौदा तास उभा राहिलेला, आठवड्याची सुटी रद्द झालेला, गळक्या क्वार्टरात राहणारा माणूस ठाण्यात आलेल्याशी गोड बोलेल, ही अपेक्षा फार मोठी आहे. आठ तासांची पाळी हा गिरणी कामगाराचा हक्क कधीच झाला होता. मुंबईच्या देवनार पोलीस ठाण्यात तिचा प्रयोग सुरू व्हायला २०१६ साल उजाडले, आणि त्याची योजना मांडली होती रवींद्र पाटील नावाच्या एका शिपायाने.

अण्णा २००८ च्या मे महिन्यात निवृत्त झाले. त्याच वर्षी २६ नोव्हेंबरच्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ तुकाराम ओंबळे यांनी हातात केवळ काठी असताना अतिरेक्याच्या बंदुकीची नळी धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर घेतल्या. त्यांना पुढे मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. ओंबळेही सहायक फौजदारच होते. बातमी ऐकल्यावर अण्णांनी कपाटातला आपला गणवेश काढला, इस्त्री केली आणि पुन्हा ठेवून दिला.

चारशेवीस गेले!

आज अण्णा पंच्याहत्तरी गाठून तलवाड्याला राहतात. गावात पोलीस ठाणे आहे, पण अर्ज लिहून घ्यायला माणसे आधी आमच्या ओसरीवर येतात. १ जुलै २०२४ पासून इंग्रजांच्या काळची दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. खुनाचे तीनशे दोन आता एकशे तीन झाले, फसवणुकीचे चारशेवीस तीनशे अठरा झाले. छत्तीस वर्षे तोंडात बसलेले आकडे! अण्णांनी माझ्याकडून नव्या संहितेचे पुस्तक मागवून घेतले आणि शाळकरी मुलासारखी वहीत दोन रकाने आखून जुने-नवे आकडे उतरवून काढले. मी म्हटले, "अण्णा, आता कशाला हा त्रास?" म्हणाले, "मास्तर, लोक विचारतात." मी त्यांना एवढेच सांगितले की कायद्यातून चारशेवीस गेले तरी मराठीतून जाणार नाही. एखाद्याला तीनशे अठरा म्हणून कोणाला राग यायचा?

अर्ज लिहायला आलेल्याला अण्णा अजून तेच सांगतात. आधी काय पाहिलेस ते सांग, काय वाटते ते मागून. पुष्कळांचा अर्ज त्यामुळे अर्ध्या पानात संपतो, आणि काहींचा तर लिहावाच लागत नाही. बोलता बोलता त्यांच्याच लक्षात येते की आपण पाहिले काहीच नाही, सारे ऐकलेले आहे. माझ्या विद्यार्थ्यांकडून निबंध लिहून घेताना मी हीच युक्ती वापरतो. निबंध लहान होतात आणि वाचनीय होतात.

२१ ऑक्टोबर हा पोलीस स्मृतिदिन. १९५९ साली याच दिवशी लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैन्याशी झालेल्या चकमकीत दहा पोलीस जवान पडले. दिवाळी बहुतेक वेळा याच दिवसांच्या आगेमागे येते. लक्ष्मीपूजनाच्या रात्री सराफ बाजारातून घरी येताना कोपऱ्यावर एखादा शिपाई काठी टेकून उभा दिसेल. त्याची मुले त्या वेळी आईला विचारीत असतील, बाबा कधी येणार? त्याला फराळाची पुडी द्यावी, हे चांगलेच. पण त्याहूनही एक मोठी गोष्ट आपल्या हाती आहे. उद्या एखाद्या अण्णांनी आपल्याला पंच म्हणून बोलावले, तर आपण जावे, आपल्या डोळ्यांनी पाहावे, आणि चार वर्षांनी कोर्टात उभे राहून तेच सांगावे.